ताटामागची पंधरा अक्षरं

अमरावती
११ जून २०१७

प्रिय मोठेबाबा,

तुम्हाला आणि मोठ्या आईला जयभीम.

फोनवर बोलायची सोय तुम्ही ठेवली नाही. चाळीस वर्षं भांड्यांवर ठोकून ठोकून कान घालवले, आणि आता मोठी आई फोन कानाला लावून माझं बोलणं तुम्हाला ओरडून सांगते. त्यात निम्मं तिचं स्वतःचं असतं. मागच्या वेळी मी फक्त तब्येत विचारली होती, ती तुमच्यापर्यंत ‘औषध काहून घेत नाही’ अशी पोचली. म्हणून पत्र. शिवाय तुमचं अक्षर बघायला मिळतं, हा माझा फायदा.

आमच्या ऑफिसात सध्या लगीनघाई आहे. एक जुलैपासून विक्रीकर जाणार आणि जीएसटी येणार. मला मदतकक्षाच्या टेबलावर बसवलंय. सकाळी दहापासून व्यापारी येतात. कोणी भांडतं, कोणी हात जोडतं, एकाने तर काल माझ्यासमोर टरबूज ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर किती टक्के, खरं सांगा." टरबुजावर काहीच नाही, असं सांगून मी ते परत दिलं. नोकरीला लागून दीडच वर्ष झालंय आणि अख्ख्या अमरावतीला मी कर शिकवते आहे.

मग वाटलं, दिव्याखाली अंधार नको. अकोल्याच्या आपल्या भांड्यांच्या दुकानाचं काय? एक तारखेसाठी तुम्ही काय केलंय? सविस्तर कळवा.

तुमची पुतणी,
नीलम

•

अकोला
१९ जून २०१७

चि. नीलम,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. तुझा ‘ळ’ अजून पोटातून फाटतो. इन्स्पेक्टर झालीस तरी तो सुधार.

एक तारखेसाठी मी काही केलेलं नाही आणि करणारही नाही. शेजारचे भगवंतराव कापडवाले रोज येऊन सांगतात की आता संगणक लागेल, महिन्याला हिशोब पाठवावा लागेल, बिलाशिवाय चमचा विकला तरी दंड होईल. मी आयुष्यात बिलबुक छापलं नाही. माझं बिल भांड्यावर असतं. गिऱ्हाइकाने ताट घेतलं की काठावर त्याने सांगितलेलं नाव घालायचं आणि पाठीमागे बारीक अक्षरात वजन नि तारीख. वीस वर्षांनी ते ताट मोडीत द्यायला आलं तरी उलटं करून बघितलं की कळतं, माझ्याकडचं आहे, इतक्या ग्रॅमचं आहे. कागद उंदीर खातात. स्टील खात नाहीत.

तेव्हा ठरवलं आहे. येत्या दसऱ्याला दुकान बंद. अडुसष्ट वय झालं. तुमच्या नव्या कराला माझा रामराम समज. तू वाईट वाटून घेऊ नको, तू फक्त नोकरी करतेस.

तुझा,
पुंजाजी

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

निलू, मी सुंदरा, तुही मोठी आई. हा माणूस तुले खोटं सांगून राहिला. कराचं नाव नुसतं पुढं केलं. चैतापासून दुकानात एकानंही नाव टाकून मांगतलं नाई. आता लग्नात लोक पाकिटं देतात नाई तं मिक्सर देतात, मिक्सरवर काय छिन्नी चालवन? परवा एक बाई ताट घेऊन गेली, ह्यानं इचारलं नाव काय टाकू, तं म्हणे नाव नका टाकू, खराब दिसते. तवापासून जेवण बराबर नाई. मी लिवलं हे त्याले सांगू नको.

•

अमरावती
२५ जून २०१७

प्रिय मोठेबाबा,

जयभीम. तुमचं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. दिवसभर लोकांना सांगते की हा कर कोणाचं दुकान बंद करायला आलेला नाही, आणि पहिलं कुलूप माझ्याच घरात लागणार. मला फार वाईट वाटलं. वाटून घेऊ नको असं लिहिल्याने वाटायचं थांबत नाही.

आता नियम ऐका. वर्षाची विक्री वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. तुमची किती, ते मला माहीत आहे. तेव्हा तुम्हाला संगणक नको, महिन्याचा हिशोब नको. भगवंतरावांना सांगा, हवं तर मदतकक्षात या, पण दुसऱ्याच्या दुकानात भीती विकू नका.

आणि कर म्हणजे काय तेही एकदा माझ्याकडून समजून घ्या. ताटाचंच उदाहरण घेते, हल्ली टेबलावर तेच देते. कारखान्याने पत्रा केला. दुसऱ्याने पत्र्याचं ताट घडवलं. घाऊकवाल्याने ते अकोल्याला आणलं. प्रत्येकाच्या हाताने ताटाची किंमत थोडी वाढली. ज्याने जेवढी वाढवली, तेवढ्यापुरताच कर त्याने द्यायचा, मागच्यांनी भरलेला वजा करून. एवढंच आहे. एका बाईंनी विचारलं, "मंग शेवटचा दुकानदार काय वाढवते? तो तं नुसता बसून राह्यते." मी म्हटलं, सगळे बसून राहत नाहीत. माझे मोठेबाबा त्यावर नाव घालतात.

दुकान बंद करायचं तर करा. पण खोटं कारण देऊन नको.

नीलम

•

अकोला
९ जुलै २०१७

चि. नीलम,

खोटं कारण हा शब्द तुझ्याकडे कुठून आला ते मी ओळखलं आहे. सुंदराशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने भरीत केलं, मग बोललो.

खरं आहे ते. नाव नको असलेल्या गिऱ्हाइकाला नुसतं भांडं विकायचं, तर ते कोणीही विकेल. त्यासाठी मी कशाला बसू? तुझ्या पत्रातली ती ओळ मात्र मी सुंदराला तीनदा वाचून दाखवली. हाताने किंमत वाढते ती. नीलम, मी चाळीस वर्षं नाव फुकट घातलं. भांड्याचे पैसे घ्यायचे, नाव वरून द्यायचं, अशीच रीत होती. त्याची काही किंमत होते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सरकार सांगेल असं तर स्वप्नातही नव्हतं.

आता कामाचं. काल माणिकबाई म्हणून एक बाई आल्या. बार्शीटाकळी रस्त्याला त्यांनी मुलींचं नवं वसतिगृह काढलं आहे, एकशे चाळीस मुली आहेत. ताटं हवीत आणि प्रत्येक ताटाच्या काठावर नाव हवं: करुणा मुलींचे वसतिगृह, अकोला. मशीनने नको म्हणाल्या, मशीनचं दोन वर्षांत पुसतं. पंधरा ऑगस्टला मुलींची पहिली पंगत त्यात व्हायची आहे. पण पैसे देणारी मुंबईची एक संस्था आहे आणि त्यांची अट आहे की बिल पक्कं, जीएसटी नंबर असलेलंच पाहिजे. बिननंबरी दुकानातून घेता येणार नाही.

एकशे चाळीस ताटं. एवढं नावाचं काम मी दहा वर्षांत केलेलं नाही. मला नंबर पाहिजे. जसा मिळतो तसा मिळवून दे. हे एक काम शेवटचं म्हणून मनासारखं करतो, मग दसरा आहेच.

पुंजाजी

•

अमरावती
२० जुलै २०१७

प्रिय मोठेबाबा,

घाईत लिहिते आहे, समोर अकरा जण उभे आहेत.

तुमचा अर्ज भरला. मी अमरावतीची आणि दुकान अकोल्याचं, त्यामुळे तो तपासणार तिथलेच अधिकारी. माझं काम फक्त पुतणी म्हणून भरून देण्यापुरतं. पॅनकार्ड, आधार, दुकानाची भाडेपावती सगळं बरोबर निघालं. तुमच्या फोटोत तुम्ही रागावलेले दिसता, ते चालतं.

अडलं ते मोठ्या आईपाशी. मोबाइल तिचा, म्हणून ओटीपी तिच्याकडे आला. मी फोन केला तर म्हणते, "नंबर कोणाले सांगाचा नाई, बँकीतल्या मॅडमनं बजावलं हाय." मी म्हटलं, अगं मी नीलम. तर म्हणे, "तू पुतणी असशील तं घरी. नंबराच्या बाबतीत कोणी कोणाचं नाई." तीन वेळा ओटीपीची मुदत संपली. चौथ्या वेळी मी तिला लहानपणी माझ्या पाठीवर कुठे तीळ होता ते विचारायला लावलं आणि उत्तर दिलं, तेव्हा तिने सहा आकडे सांगितले.

असो. क्रमांक आला आहे. या पत्राखाली पंधरा अक्षरं लिहिली आहेत, इंग्रजीत आहेत, नीट बघून घ्या आणि जपून ठेवा. नियम असा की दुकानाच्या पाटीवर नंबर दिसला पाहिजे आणि प्रत्येक बिलावर तो पाहिजेच. छोटं बिलबुक छापून घ्या.

पुढचे तीन आठवडे मी चिखलदऱ्याला आहे, हॉटेलवाल्यांच्या नोंदणीचं शिबिर आहे. तिथे फोन लागत नाही. ताटं चांगली करा.

नीलम

•

अकोला
८ ऑगस्ट २०१७

चि. नीलम,

जयभीम. आज दुपारी चार वाजता एकशे चाळिसावं ताट पूर्ण झालं. सुंदराने शिरा केला आहे. हाताला सूज आहे पण ती आनंदाची समज.

सकाळी सातला बसायचो तो अंधार पडेपर्यंत. काठावर वसतिगृहाचं नाव, गोल वळणाने. ‘करुणा’तला ‘रु’ असा जमला की मी स्वतःच्याच हाताकडे बघत राहिलो. आणि पाठीमागे तुझा नंबर. पंधराच्या पंधरा अक्षरं, एकशे चाळीस ताटांवर. इंग्रजी अक्षरं आयुष्यात पहिल्यांदा घातली. त्यांना वेलांट्या नसतात त्यामुळे हात रिकामा रिकामा वाटतो, पण पन्नास ताटांनंतर सवय झाली.

तू म्हणशील नंबर कागदी बिलावर पुरे होता. तेही छापणार आहेच. पण कागदाचं मी तुला मागे लिहिलं होतं. तू स्वतः लिहिलंस जपून ठेवा. स्टीलपेक्षा जपून कुठे ठेवू? उद्या त्या संस्थेचा कोणी तपासायला आला आणि माणिकबाईंचा कागद हरवला असला, तर त्याने ताट उलटं करावं.

अजून एक आहे, ते तुला सांगतो. तुझ्या आजोबांना गावच्या चहाच्या हॉटेलात कप वेगळा असायचा. चहा पिऊन झाला की स्वतः धुवायचा आणि बाहेरच्या कोनाड्यात पालथा ठेवायचा. मी लहान होतो, तो कोनाडा पाहिलेला आहे. त्यांचा मुलगा भांड्यांचं दुकान काढून लोकांच्या घरातल्या ताटावर नाव घालतो, हेच त्यांना मोठं वाटायचं. आता सरकारने त्या दुकानाला आपल्या दप्तरात नंबर दिला. तो मी घातला नसता तर कोणी घातला असता? प्रत्येक ताटाला मला तेच वाटत होतं, म्हणून कंटाळा आला नाही.

चौदाला ताटं पोचवतो. झेंडूचं फूल सुंदराने प्रत्येक थप्पीला बांधायचं ठरवलं आहे.

तुझा मोठेबाबा

•

अमरावती
११ ऑगस्ट २०१७

प्रिय मोठेबाबा,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. आधी बसून घ्या, मग वाचा.

मी काल रात्री चिखलदऱ्याहून आले आणि आज तुमचं पत्र वाचलं. आजोबांचा कोनाडा वाचून रडले. मग पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा रडले ते वेगळ्या कारणासाठी.

मी वीस तारखेला लिहून पाठवलेला नंबर तुमच्या दुकानाचा नाही. तो अर्जाच्या पोचपावतीचा आहे. अर्ज दाखल झाला की मिळतो, तोही पंधरा अक्षरी. खरा नंबर मंजुरीनंतर येतो आणि महाराष्ट्रात तो सत्तावीसने सुरू होतो. जपून ठेवायचा होता तो पोचपावतीचा. पाटीवर आणि बिलावर घालायचा तो खरा. मी अकरा माणसांच्या गर्दीत दोन वाक्यं एकापाठोपाठ लिहिली आणि कोणतं कोणाबद्दल ते लिहायचं राहिलं. अख्ख्या अमरावतीला शिकवते आणि घरच्या माणसाच्या हातून एकवीसशे अक्षरं चुकीची घालून घेतली.

आणि खरा नंबर एकतीस जुलैलाच आला आहे, मोठ्या आईच्या मोबाइलवर. आज फोन करून विचारलं तर म्हणाली, "आला होता नं. मोठा नंबर होता. मी कोणाले सांगतला नाई." तिचा आवाज फार समाधानी होता.

कागदी बिलावर खरा नंबर घाला, तो खाली मोठ्या अक्षरात दिला आहे. कायद्याने बिल बरोबर असलं की पुरे, ताटावर काहीही नसलं तरी चालतं. पण माणिकबाईंनी ताटं नको म्हटली तर तो पूर्ण खर्च माझा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. स्वातंत्र्यदिनाला ऑफिसात हजेरी आहे, नाहीतर मीच येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले असते. मोठेबाबा, माफ करा. तुमचं शेवटचं काम मी बिघडवलं.

नीलम

•

अकोला
२१ ऑगस्ट २०१७

चि. नीलम,

तुझं पत्र चौदाला सकाळी पोचलं. ताटं तीनचाकीत चढवून झाली होती. वाचलं आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. सुंदराने मोबाइल काढून दाखवला. सत्तावीसने सुरू होणारा नंबर तिथे पंधरा दिवस सुखाने नांदत होता. मी तिला एक शब्द बोललो नाही. तिने सांगितल्याप्रमाणे केलं, मी सांगितल्याप्रमाणे केलं, तूही सांगितल्याप्रमाणेच केलंस. कोणाला बोलायचं?

बिलावर खरा नंबर घातला आणि गेलो. माणिकबाईंना म्हटलं, मागचा नंबर चुकला आहे, परत घ्या म्हणाल तर घेतो. त्यांनी बिल वाचलं, ताट उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाल्या, "जेवताना ताटाची पाठ कोण पाह्यते, काका? ठेवा." मला इतकं हलकं वाटलं की तीनचाकीवाल्याला वर पन्नास दिले.

पण त्यांचा अंदाज चुकला. एकशे चाळीस मुली आणि ताटाची पाठ पाहणार नाहीत? पंधराच्या पंगतीत भात वाढायच्या आधी सगळी ताटं उलटी झाली. एकीने ठरवलं की हा ताटाचा आधार नंबर. दुसरीने शेजारणीचा ताडून पाहिला तर तोच. तिसरीचा तोच. मग भांडण, की नंबर एकच तर माझं ताट कोणतं? दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाईंनी माणूस पाठवून मला बोलावलं. मला वाटलं, आता परत देतात.

त्यांनी एक ताट पुढे केलं. मुलींनी रात्रीत कंपासपेटीतल्या कर्कटकाने आपापली नावं खरवडली होती. प्रणाली. पायल. जयवंता. एका ताटावर वच्छला, त्यातला ‘च्छ’ तीनदा खोडून. माणिकबाई संतापल्या होत्या. मी ताट घेऊन उजेडात गेलो. नीलम, इतकी वाकडी अक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती, आणि इतकी आवडलीही नव्हती. बरीच ताटं मी बघत बसलो, शेवटी माणिकबाईच म्हणाल्या, "काका, रागावू नका, पोरी आहेत." मी रागावलो नव्हतो.

आता त्या म्हणतात की सगळ्यांची नावं तुम्हीच घाला, कर्कटकाने ताटं फाटतील. मी म्हटलं, घालतो, त्याचे पैसे नकोत. तर म्हणाल्या, संस्थेला बिल लागतं, फुकट काम घेता येत नाही. त्यावर ‘नाव घालणे’ अशी वेगळी ओळ पाहिजे आणि पुढे रक्कम. एका नावाचे किती लिहायचे असतात? तुझ्या कायद्यात दिलं असेल तर कळव. हे काम आटपलं की दसरा आलाच.

पुंजाजी

•

अमरावती
२६ ऑगस्ट २०१७

प्रिय मोठेबाबा,

जयभीम. तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. कर्कटकापाशी आमचे साहेबसुद्धा हसले. माझी चूक आता सगळ्या मजल्याला माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

एका नावाचे किती, ते कायद्यात नाही. सरकार फक्त टक्का ठरवतं. किंमत तुम्हीच ठरवायची. ताटं आधीच विकून झाली, म्हणून नाव घालणं हे आता वेगळं काम, त्याला अठरा टक्के. पण कशाचे अठरा, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. मी विचार करून पाहिला, मलाही आलं नाही. खूप कमी लिहू नका एवढंच सांगते.

ऑगस्टचा हिशोब वीस सप्टेंबरपर्यंत भरायचा आहे. मदतकक्षात तुमच्या अकोल्याला एक बाई बसतात, त्यांच्याकडे जा, त्या सावकाश सांगतात.

सोबत एक कागद आहे. तुम्ही तीनदा लिहिलंत की दसऱ्याला बंद, म्हणून नोंदणी रद्द करायच्या अर्जाचा मसुदा तयार करून पाठवते आहे. संगणकावर ती सोय झाली की मी भरेन. सगळं लिहिलंय, फक्त शेवटचा रकाना तुमच्या हाताने भरा आणि सही करा. आधी मी हट्ट धरणार होते. मग वाटलं, चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला उठायचं कधी हे मी कोण सांगणार? तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. तुमचं दुकान नसलेलं अकोला मला आवडणार नाही, पण ते माझं मी बघेन.

नीलम

•

अकोला
३० सप्टेंबर २०१७, दसरा

चि. नीलम,

तुला आणि बडनेऱ्याला तुझ्या आईबाबांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जयभीम. सकाळी विहारात वंदनेला गेलो होतो, आता दुकानातून लिहितो आहे.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू सुंदराला फोन केलास आणि तिने ‘काम करून राहिला’ एवढंच सांगितलं, ते कळलं. काम खरंच होतं. वसतिगृहाच्या पडवीत सतरंजी टाकून बसायचो. मुली शाळेतून आल्या की रांग लागायची. मला बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून प्रत्येकीने नाव कागदावर लिहून आणायचं असं ठरलं. काहींनी नुसतं नाव आणलं, काहींनी आडनावासकट, एकीने तर आपल्या नावापुढे डॉक्टर लिहून आणलं. सहावीत आहे. मी विचारलं, आताच? तर तिने खुणेनेच सांगितलं की नंतर तुमी नसान तं? मग घातलं. ‘डॉ’ला टिंब जरा मोठंच दिलं.

जयवंता धारणीकडची आहे. तिने कागदावर दोन नावं आणली. दुसरं तिच्या आईचं. आईचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून पाहिजे म्हणाली. त्या रविवारी आई भेटायला आली आणि तिला ताट दाखवलं, तेव्हा मी तिथेच होतो. तिला वाचता येत नाही. तिने बोट फिरवून पाहिलं आणि किती वेळ फिरवत राहिली. त्यानंतर मुलींचे आईबाप भेटायला आले की दुकानाकडे येऊ लागले आहेत. कोणी पेला आणतं, कोणी डबा. आपल्याकडूनच घेतलेला असला पाहिजे असंही नाही.

एका नावाचे मी दहा रुपये लिहिले. तीन दिवस विचार केला होता. बिलावर ‘नाव घालणे’ हे शब्द पहिल्यांदाच लिहिले, तेवढी ओळ वाकडी आली आहे. संस्थेने एका शब्दाने न विचारता पैसे दिले.

वीस तारखेला मदतकक्षात जाऊन ऑगस्टचा कर भरला. गिऱ्हाइकाकडून ताटांवर बारा टक्क्यांनी घेतलेला तेवीसशे बावन्न, त्यातून घाऊकवाल्याने आधीच घेतलेला सोळाशे ऐंशी वजा. बाकी सहाशे बहात्तर. त्या बाईंनी सांगितलं की याचा अर्थ तुमच्या हाताने छप्पन्नशे रुपयांची किंमत वाढली. मी पावती मागितली आणि ती दुकानात चौकटीत लावली आहे. आजवर सरकारकडून घेतलं. शाळा घेतली, वसतिगृह घेतलं, दवाखाना घेतला. दिलं असं हे पहिलंच. भगवंतराव म्हणाले, "कर भरून हसून राह्यला, असा माणूस पाह्यला नाई." सुंदराने तिथल्या तिथे त्यांना चहा पाजला.

आता तुझा कागद. सकाळी दुकान उघडल्यावर तोच पुढ्यात घेतला होता. नाव, पत्ता, खरा नंबर, सगळं तू नीट लिहिलं आहेस. तुझा ‘ळ’ही या खेपेला जमला आहे. शेवटचा रकाना राहिला होता, ‘धंदा बंद करण्याचे कारण’. तिथे पेन टेकवलं. कराचं लिहावं तर तू खोटं ठरवशील. नाव कोणी घालून घेत नाही म्हणावं तर समोर चार डबे नाव घालायचे पडले होते. वयाचं लिहावं म्हणून पेन उचललं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

कागद तसाच परत पाठवतो आहे.

तुझा मोठेबाबा,
पुंजाजी